शंका आली की कॅन्सरचं संशोधन मागे घ्यावं का?

बालाघाटकर (धाराशिव): माझं मत, घ्यावं, म्हणजे छापलेला निबंध रद्द झाल्याचं जाहीर करावं. लबाडी कुणी केली याची चौकशी होत राहील, पण आकडेच जुळत नसतील तर तो शोधनिबंध एक दिवसही उभा राहू नये. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं प्रकरण बघा. गाठीतल्या जनुकांवरून कोणती केमो लागू पडेल हे आधीच कळतं, असं २००६ मध्ये अनिल पोट्टी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात मांडलं. बॅगर्ली आणि कूम्ब्स या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी तोच डेटा उघडून तपासला. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली, काही ठिकाणी 'औषध लागू पडतं' आणि 'पडत नाही' या खुणांची अदलाबदल! त्यांचे आक्षेप २००७ मध्ये छापून आले. निबंध मागे घेतला २०११ मध्ये. मधल्या काळात चाचण्यांमध्ये त्याच आधारावर रुग्णांची केमो ठरत होती. आक्षेपांमुळे थांबवलेल्या या चाचण्या २०१० मध्ये पुन्हा सुरूही केल्या होत्या.

मांजराकाठ (लातूर): मला हे पटत नाही. शंका म्हणजे पुरावा नव्हे. २०२४ मध्ये बोस्टनच्या डाना-फार्बर या कॅन्सर संस्थेच्या निबंधांत तीच प्रतिमा पुन्हा पुन्हा वापरल्याचे आक्षेप आले, तेव्हा ६ निबंध मागे घ्यायचं ठरलं आणि ३१ दुरुस्त करायचं. सरसकट ३७ बुडवले असते तर? तुमच्याच जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू; त्याच्या एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळलं. आपल्याकडे म्हातारीला वय विचारा, 'भूकंपाच्या साली थोरली पाळण्यात होती' असं उत्तर येतं. खेड्यातल्या नोंदीत अशी एखादी चूक राहणारच. तेवढ्यावरून इतकं मोठं काम बाद करायचं का?

बालाघाटकर: वय दोन वर्षांनी चुकणं वेगळं आणि निष्कर्षच उलटा होणं वेगळं. मी निष्कर्ष उलटा होण्याबद्दल बोलतोय. आणि ज्या बायकांनी विश्वासाने तपासणी करून घेतली, त्यांच्यासाठी तर नोंदी आणखी चोख हव्यात.

परभणीचा: माझी मावशी सध्या केमोवर हाय. तुम्ही दोघं निबंधाचं बोलायलेत, पण मागं घेतलं मनून पेशंटला कोण सांगतं? नातेवाईक वावर गहाण टाकून औषधं आणायलेत. ज्याच्या भरवशावर उपचार ठरला ते खोटं निघालं, तर त्या घरी आधी कळवायला पाहिजे.

मांजराकाठ: हे शंभर टक्के मान्य. चालू चाचणी त्याच दिवशी थांबवा, रुग्णाला लेखी कळवा. पण निबंध मागे घेण्याआधी संशोधकाला मूळ नोंदी दाखवायला सहा महिने तरी द्या. प्रामाणिक चूक करणाऱ्या पोराच्या कपाळी एकदा हा शिक्का बसला की त्याला कुठं नोकरी लागत नाही.

बालाघाटकर: सहा महिने कशाला? मूळ नोंदी असतील तर महिनाभरात कपाटातून निघतात. तोवर निबंधावर ठळक इशारा छापा, आणि नोंदी नाहीतच आल्या तर मागे घ्या.

मांजराकाठ: इशाऱ्याला माझी हरकत नाही. महिना मात्र कमीच.