अवधाण आणि लसीकाग्रंथी एकच का?

प्रश्न, डिचोली : लावणीच्या दिवसांत पायाला चिखल्या झाल्या की जांघेत दुखरी गाठ येते. घरी तिला ‘अवधाण’ म्हणतात, पुस्तकात ‘लसीकाग्रंथी’ आहे. दोन्ही एकच? आणि ‘अवधान’शी काही नातं?

उत्तर, फोंडा : लक्ष या अर्थाचं ‘अवधान’ वेगळं, न आणि ण सांभाळा. लसीकाग्रंथी हा अवयव. निरोगी माणसालाही काखेत, मानेत, जांघेत मिळून शेकडो असतात. अवधाण म्हणजे तिकडच्या जखमेमुळे ती सुजणं. म्हणून ‘अवधाण आलंय’ म्हणतात, ‘आहे’ नव्हे. चिखल्यांच्या चिरेतून शिरलेले जंतू लसीकेबरोबर, म्हणजे शरीरात पाझरून बारीक नळ्यांतून परत जाणाऱ्या पाण्याबरोबर, वर चढतात, जांघेतल्या गाठीत अडतात. तिथे पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून सूज. टाच आणि करंगळीच्या बाजूची काही लसीका आधी लवणीतल्या गाठींतून जाते, त्यामुळे कधी गुडघ्यामागेही दुखतं.

पेडणे : ‘ग्रंथी’ हा शब्दच मला खटकतो. लाळग्रंथी लाळ स्रवते. ही गाठ काहीच स्रवत नाही, गाळते. साधं ‘लसीकागाठ’ म्हणावं. लसीकेला हृदयासारखा पंपही नाही. स्नायूंची हालचाल, नळ्यांचं आकुंचन आणि आतल्या झडपा, एवढ्यावर ती वर सरकते. केशवाहिन्यांतून पाझरलेलं दिवसाला सुमारे ३ लिटर पाणी असं रक्तात परत जातं. हत्तीरोगात याच नळ्यांत कृमी राहतात, पाणी पायात तुंबतं आणि पाय फुगतो.

म्हापसा : ‘लसीके’तली ‘लस’ विसरू नका. जखमेतून झिरपणारं पातळ पाणी तेही लस. पू वेगळा, तो घट्ट आणि मेलेल्या पांढऱ्या पेशींचा. पूर्वी देवी काढायच्या म्हणजे गोदेवीच्या, म्हणजे गाईला होणाऱ्या देवीच्या, फोडातली ही लस दुसऱ्याच्या दंडात टोचायची. मुंबईत पहिल्यांदा टोचली १४ जून १८०२ ला, तीन वर्षांच्या मुलीला. आज कुपीतल्या औषधात फोडातलं पाणी नसतं, तरी ‘लस टोचणं’ राहिलंच.

फोंडा : घोळ ‘प्रति-’वाल्या शब्दांचा अधिक. परक्या जंतूचा जो भाग शरीर ओळखतं तो प्रतिजन. त्याला चिकटायला शरीर घडवतं ते प्रतिपिंड. जंतू मारायला आपण गिळतो ती गोळी प्रतिजैविक. ‘प्रतिपिंडांचा कोर्स’ असं छापलेलं दिसतं, ते चूक. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ही फसवं : ती एकच शक्ती नाही, आणि तिचा अतिरेक झाला की ॲलर्जी होते, संधिवाताचे काही प्रकार होतात.

पेडणे : प्रश्नकर्त्यासाठी : अवधाण चोळू नका, दाबू नका. उपाय पायाला. चिखलातून आल्यावर पाय साबणाने धुऊन बेचके कोरडे पुसा, चिखल्यांना बुरशी मारणारं मलम लावा. चीर भरली की दुखणं आधी जातं. गाठ मात्र पूर्ण बसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. जखमेपासून वर तांबडी रेघ चढली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. गाठ न दुखणारी, टणक, हलवून न हलणारी असेल, किंवा गळपट्टीच्या हाडावर असेल, तर ‘अवधाण’ हा शब्द तिला लावूच नका आणि दाखवायला उशीर करू नका.