हॉलिवूडचा नट वॉल्टर ह्यूस्टन घडला कुठे? व्हॉडव्हिलमध्ये (नाच, गाणी, विनोदांचे मिश्र खेळ) की नाटककार ओनीलच्या नाटकात?

जुनापडदा:
'द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे' या सिनेमात (१९४८) म्हातारा हॉवर्ड सोनं शोधणाऱ्या आपल्या दोन साथीदारांना वेड्यात काढत नाचतो. सोनं पायदळी तुडवताय आणि तुम्हाला पत्ता नाही, म्हणून! याच भूमिकेनं वॉल्टर ह्यूस्टनला ऑस्कर मिळालं. माझ्या मते श्रेय व्हॉडव्हिलचं. १९०९पासून पंधराएक वर्षं तो नटी बेयोन व्हिपलच्या जोडीनं अमेरिकेत गावोगाव फिरला. गाणं, नाच, विनोदी प्रवेश, सगळं. वाट्याला काही मिनिटं, तेवढ्यात पब्लिक पकडायचं. निव्वळ नाटकवाल्याला हे जमत नाही.

विंगेतून:
त्या पंधरा वर्षांत त्याला विचारत कोण होतं? नाव झालं १९२४मध्ये, ओनीलच्या 'डिझायर अंडर द एल्म्स'मुळे. चाळिशीचा माणूस पंचाहत्तरीचा एफ्राइम कॅबट झाला. बाळ झाल्याच्या जल्लोषात हा कॅबटही तरण्यांना लाजवेल असा नाचतो. म्हणजे नाचणारा म्हातारा ओनीलनं आधीच लिहून ठेवला होता.

जुनापडदा:
लिहिला ओनीलनं, पण नाचला कोण? म्हाताऱ्याचं सोंग घेऊन रोज रात्री तसं नाचायला नाच आधी अंगात मुरलेला लागतो. 'सप्टेंबर साँग' (१९३८) हे त्याचं गाणं घ्या. आवाजाची झेप बेताची, म्हणून संगीतकार कुर्ट वाइलनं चालच त्या आवाजाला बेतून केली आणि ह्यूस्टननं ती अर्धी बोलत म्हटली. गळा नसताना गाणं पोचवायची ही विद्या व्हॉडव्हिलचीच.

विंगेतून:
मग 'डॉड्सवर्थ'चं काय? आधी रंगमंचावर, १९३६मध्ये पडद्यावर. मोटार कारखाना विकून मोकळा झालेला माणूस, बायको हातची निसटतेय आणि हा गडी फारसं काही करतच नाही. ऑस्करचं पहिलं नामांकन त्याच भूमिकेला. टाळ्यांची सवय लागलेल्याला इतकं गप्प राहवत नाही.

चहाटळ:
दोघंही पोराला विसरलात. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टननं बापाला कवळी काढून काम करायला लावलं. बोळक्या तोंडानं भरभर बोलणं, अर्धा हॉवर्ड तिथेच तयार! दिग्दर्शनाचं ऑस्कर त्याला उगाच नाही मिळालं.

विंगेतून:
कवळी काढून अभिनय येत असता तर आमच्या आळीत चार ऑस्कर असते.

जुनापडदा:
'डॉड्सवर्थ'मध्ये नाच नाही, हे खरं. पण 'यांकी डूडल डँडी'मध्ये (१९४२) त्यानं रंगभूमीवरच्या जॉर्ज कोहन या नट-गायकाच्या व्हॉडव्हिलवाल्या बापाचं काम केलंय. समोर कोहन झालेला जेम्स केगनीही त्याच मुशीतला. कोहन कुटुंबाचे ते नाच बघा आणि मग घ्या ओनीलचं नाव.