अनुभव धागा: सोसायटीच्या सभेत मिटलेला विषय पुन्हा काढताना

वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस आले आहेत. ३० सप्टेंबरपर्यंत त्या घ्याव्याच लागतात, आणि पूर्वी ठराव होऊन मिटलेला एखादा विषय कुणीतरी उकरून काढतोच. असा विषय तुमच्याकडे पुन्हा कसा आला आणि त्याचे पुढे काय झाले, ते कृपया लिहावे. पार्किंगच्या भांडणांसाठी वेगळा धागा काढू, कारण तो विषय इथे मावणार नाही.

माजी खजिनदार, डोंबिवली

आमच्याकडे तळमजल्यावरचे एक काका लिफ्टच्या खर्चाला दरवर्षी हरकत घेतात. हा खर्च, लिफ्ट वापरा अथवा वापरू नका, इमारतीतील सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा, असे उपविधींतच (संस्थेच्या नियमावलीतच) आहे. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय पुकारला की काका उभे राहतात. वास्तविक तिथे इतिवृत्त बरोबर लिहिले आहे की नाही, एवढेच पाहायचे असते. अखेर सचिवांनी मूळ ठरावाच्या पानात खूण घालून वहीच त्यांच्यापुढे ठेवली. अनुमोदक म्हणून नाव काकांचेच होते! यंदाही ते उभे राहतीलच.

सभासद, पुणे

गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा प्रस्ताव आमच्या सभेने खर्चाच्या कारणाने फेटाळला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली आणि गृहसंस्थांच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान जाहीर झाले, तेव्हा तो पुन्हा मांडावासा वाटला. आधी जुने इतिवृत्त मागून घेतले, विरोध करणाऱ्यांचे आक्षेप उतरवून काढले आणि समितीला दिलेल्या पत्रात जुन्या ठरावाची तारीख, त्यानंतर नेमके काय बदलले आणि कोणत्या आक्षेपाला अजूनही उत्तर नाही (गच्चीच्या गळतीचा), हे स्पष्ट लिहिले. विषय चौदा दिवस आधीच्या नोटिशीत रीतसर आला. जुने विरोधक तयारीनिशी आले, तरी ‘हे झाले आहे ना एकदा’ असे कुणी म्हणाले नाही. गळतीची तपासणी आधी करून घ्यावी, या अटीवर प्रस्ताव मंजूर झाला.

सचिव, बोरिवली

ठराव झाल्यापासून सहा महिने तो बदलता वा रद्द करता येत नाही, असे आमच्या उपविधी सांगतात. म्हणून सातव्या महिन्यात विषय हमखास येतो, तोही ‘ऐन वेळचे विषय’ या सदरात, निम्मे सभासद चहाला उठल्यावर. अध्यक्षांनी असे विषय पुढच्या सभेच्या नोटिशीत घ्यायला लावल्यापासून निम्मे आपोआप गळाले.

सभासद, नाशिक

वरील अनुभव पटले, पण जुना ठराव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो तेव्हा संस्था घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश असताना आमच्याकडे ‘सर्वानुमते ठरले आहे’ म्हणून दुप्पट आकारणी चालू होती. नव्याने सदनिका घेतलेल्या एका ताईंनी आदेशाची प्रत जोडून लेखी विचारणा केली. ‘काल आलेल्यांनी जुने विषय काढू नयेत’ असा सूर निघाला, तरी पुढच्या तिमाहीपासून आकारणी १० टक्क्यांवर आली. आधी जादा घेतलेली रक्कम परत करायची की बिलातून वळती करायची, हा विषय यंदाच्या नोटिशीत आहे.