टेक्सासच्या ग्रीन हॉलला आईबाबांना न्यावं का?

आईबाबा सॅन अँटोनियोला आलेत. न्यू ब्राउनफेल्सचा हा जुना डान्स हॉल दाखवायचाय. बाबा म्हणतात, एसी नसेल तर मी गाडीत बसतो.

> बाबांना सांगा, गाडी जास्त तापेल! एसी नाहीच. १८७८ ची लाकडी इमारत, वर पत्रा. बाजूच्या झडपा उघडल्या की येईल तेवढं वारं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी फ्लोअरवर मधोमध उभा राहून जुन्या जाहिरातींच्या पाट्यांचे फोटो काढत होतो. हॅटवाल्या एका आजोबांनी दंडाला धरून अलगद कडेला केलं. टू-स्टेप या कंट्री नाचाची जोडपी घड्याळाच्या उलट फिरतात, आपल्या प्रदक्षिणेच्या बरोब्बर उलट. दोन पावलं झटपट, दोन सावकाश. वेगातले बाहेरून, शिकाऊ आतून. मी अजून आतच आहे.

> कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेट सुरुवातीला इथेच गायचा ना?

> हो, नाव व्हायच्या आधी. आणि स्पेलिंगमध्ये (Gruene) ‘यू’ दिसला तरी उच्चार ‘ग्रीन’च. मी ‘ग्रून’ म्हणून हसं करून घेतलंय.

> आई साडीत नाचली तर?

> खुशाल. फक्त रबरी तळव्याची चप्पल नको, वळताना अडकते.