निसर्गपुस्तकांच्या शिफारशी वाचकांच्या आवाजात मागवायच्या आहेत, आवाहनात काय लिहावं?

गोदाकाठ
नाशिक शहर आणि निफाड-दिंडोरीकडच्या वाचकांना सांगायचंय की आवडलेल्या निसर्गपुस्तकाची शिफारस फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. पक्षी, झाडं, कीटक, नदी, काहीही चालेल. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात तोवर तीसेक शिफारशी जमवून वाचनालयात हेडफोनवर ऐकवायचा बेत आहे. किती मिनिटं ठेवायची? फाइल कशी मागवायची? पुस्तकातला उतारा वाचला तर चालतो का?

शेकाट्या
दोन मिनिटं, बास. सावकाश मराठी वाचलं की मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे २४० शब्दांचा मजकूर.

'ओघवती शैली', 'प्रत्येक निसर्गप्रेमीने वाचावं' असली वाक्यं नकोत, हे आवाहनातच सांगून टाका. ती कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. त्याऐवजी एकच विचारा: ऐकणाऱ्याने पुस्तक हातात घेतलं तर आधी काय उघडावं, आणि का? दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मराठी महिन्यांप्रमाणे लिहिलेलं आहे. मग 'चालू महिन्याचं प्रकरण आधी वाचा आणि रस्त्यावरच्या झाडांशी ताडून बघा' एवढं सांगितलं तरी माणूस पुस्तक घरी नेतो.

पान क्रमांक मात्र सांगू नये, तो आवृत्तीगणिक बदलतो. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ सालचं; पुढच्या आवृत्त्यांत पक्षी आणि चित्रं वाढत गेली. प्रकरणाचं किंवा पक्ष्याचं नाव सांगा, आवृत्तीचं साल जोडा. पक्ष्याचं नावही नेमकं हवं. नुसतं 'पाणकोंबडी' म्हटलं तर कुठली? आणि 'वारकरी' म्हटलं की नवख्याला पंढरपूर आठवणार, तेव्हा 'वारकरी, म्हणजे इंग्रजीत कूट, काळा, कपाळावर पांढरा टिळा' असं एका दमात सांगावं.

ध्वनीवेडा
शिफारस कितीही चांगली असो, पंख्याची घरघर आली की ऐकणारा हेडफोन काढून ठेवतो. म्हणून हे आवाहनात टाकाच:

फोन एअरप्लेन मोडवर. पंखा, फ्रिज, कुकर बंद. टेबलावर गोधडी घाला, नाहीतर टेबलाचा ठणठणाट येतो. सगळ्यात बरी जागा कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर. फोनचा माइक बहुतेक वेळा खालच्या कडेला असतो; तो तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरला तर 'फ', 'भ', 'थ' या अक्षरांची हवा थेट माइकवर आदळून भस्स होतं.

पुस्तक हातात धरून वाचू नका. वाचनालयाच्या पुस्तकांना प्लॅस्टिकचं कव्हर असतं, ते जरा हललं तरी चुरचुरतं आणि नंतर तो आवाज काढता येत नाही. मजकूर सुट्या कागदावर, एका बाजूलाच लिहा.

बोलण्याआधी पाच सेकंद गप्प बसायचं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शनसाठी, म्हणजे मागची घरघर कमी करायला, खोलीच्या आवाजाचा तेवढाच नमुना लागतो. घरघर १२ डेसिबलपर्यंत कमी केली की पुरे. त्यापुढे गेलात की माणूस हौदात बसून बोलतोय असं वाटतं. चूक झाली तर थांबून अख्खं वाक्य पुन्हा म्हणा, अर्ध्या वाक्याचा जोड कळतो.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून नको, त्यात आवाज फार दाबला जातो. रेकॉर्डरमधून सेव्ह करून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मोनो वेव्ह (न दाबलेली, एकाच वाहिनीची) फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला मिनिटाला सुमारे ५ एमबी होते, दोन मिनिटांची सहज जाते. गूगल फॉर्मवर मागवू नका: फाइल जोडायची तर तिथे लॉगिन लागतं आणि निम्मे लोक तिथेच थांबतात.

कायद्याचं_बोट
उताऱ्याबद्दल: परीक्षणासाठी रास्त प्रमाणात उद्धृत करायला कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. किती शब्द, हा आकडा कायद्यात नाही. दोन-तीन वाक्यं वाचून त्यावर स्वतः बोललात तर ते परीक्षण. अख्खं प्रकरण वाचलंत तर ते प्रकाशन. लेखक हयात नसला म्हणून मोकळीक मिळत नाही, मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. दुर्गाबाई २००२ मध्ये गेल्या, म्हणजे २०६२ अखेरपर्यंत.

मागे पक्ष्यांचे आवाज जोडायचा मोह होईल. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा परवाना खाली दिलेला असतो. अनेकांवर 'फेरफार नको' अशी अट असते, म्हणजे त्यावर बोलणं मिसळता येत नाही. आणि आवाज वाचनालयात देतो आहोत, ऐकवायला हरकत नाही, एवढं बोलणाऱ्याकडून लेखी घ्या. मुलांचं पालकांकडून.

शेकाट्या
एक राहिलं. घरट्याचा ठावठिकाणा सांगणारं वाक्य कापा, मग घुबडाचं असो की गिधाडाचं; कुणी तिथे जाऊन त्रास द्यायला नको.

गोदाकाठ
आभारी आहे. सत्तरीपुढच्या वाचकांना हे गोधडी-डॉक्युमेंट प्रकरण झेपेल का?

ध्वनीवेडा
त्यांना घरी करायला लावूच नका. वाचनालयातली पुस्तकांनी गच्च भरलेली खोली निवडा, पुस्तकं आवाज शोषतात. एक फोन स्टँडवर, माणशी पंधरा मिनिटं, दुपारी दोन ते चार, म्हणजे आठजण. पहिली फेरी नेहमी घाबरल्यासारखी येते. पुसू नका, दुसरी घ्या आणि त्यातली बरी ठेवा.