ग्रामसभेत विहिरींच्या पाण्याचा आलेख कसा दाखवावा?

शिवारफेरी:
नमस्कार मंडळी. गावातल्या नऊ विहिरींची पातळी आम्ही दर महिन्याला टेपने मोजतो. ग्रामसभेत त्याचा स्तंभालेख प्रोजेक्टरवर लावला. मे महिन्याचे उंचच उंच खांब बघून एक आजोबा म्हणाले, "उन्हाळ्यात एवढं पाणी? मग टँकर कशाला मागवता?" आकडा म्हणजे पाणी किती खोल गेलं ते, हे समजावण्यातच सभा संपली. उसाचा विषय राहिलाच. काय करावं?

बांधावरून:
पाय चार्ट करा, रंगीत. लोकांना आवडतो.

ओळंबा:
पाय चार्टचं नाव काढू नका. खोलीचे वाटे कसे घालणार?

शिवारफेरी, आजोबांनी बरोबरच वाचलं. उंच खांब म्हणजे जास्त, दुसरं काय समजायचं? अक्ष उलटा करा. एक्सेलमध्ये उभ्या अक्षाच्या फॉरमॅटमध्ये 'व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर' आहे, त्यावर टिक करा. शून्य वर जातं, ती रेघ जाड करा, ती जमीन. खांब काढून साधी रेघ ठेवा. वर्ष जूनपासून सुरू करा. पाऊस जमिनीच्या वर काड्यांनी दाखवा, पाणी खाली.

सरासरी अजिबात नको. नऊ विहिरींचे नऊ छोटे आलेख, सगळ्यांचं माप एकच, ओढ्याच्या वरच्या अंगापासून खालपर्यंत ओळीने. उसातल्या विहिरीशेजारी ज्वारीतली आली की पाऊस तोच, पण दिवाळीनंतर एक रेघ कशी कोसळते ते दिसेल. तुम्हाला बोलावंही लागणार नाही. विहिरीला नंबर नको, लोक घेतात ते नाव द्या. मीटरऐवजी फूट, आणि म्हातारी माणसं खोली परसात (माणसाच्या उंचीवरचं जुनं माप) सांगत असतील तर कडेला परसही.

टेप कठड्यावरून सोडता का? मग प्रत्येक कठड्याची उंची वजा करा. बोअर यात मिसळू नका.

कोरडवाहू:
नकाशावर दाखवलं तर? लंडनला डॉक्टर जॉन स्नोंनी नकाशा काढून कॉलऱ्याची साथ थांबवली, तसं.

ओळंबा:
नकाशा जरूर काढा, पण ती गोष्ट फार गुळगुळीत करून सांगतात. ज्याच्या पाण्यातून कॉलरा पसरत होता त्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ला काढला, तेव्हा साथ ओसरायला लागली होती. नकाशा छापला तो त्यानंतर. स्नो आधी दारोदार फिरले, पाणी कुठलं भरता म्हणून विचारत. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते बिअर प्यायचे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. मृत्यूंच्या नकाशात याचं कारण कुठून सापडणार? तुम्हीही कुठली मोटार रात्रभर चालते ते विचारून घ्या, आणि मोजणी पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आत.

शिवारफेरी:
अक्ष उलटा झाला, झकास दिसतंय! माळावरच्या विहिरीचा कठडा तीन फूट निघाला. आता प्रोजेक्टर की फ्लेक्स?

ओळंबा:
फ्लेक्स. सभेआधी आठ दिवस पारावर लावा, बोट ठेवून भांडू द्या. लाल रंग टाळा, उन्हात लवकर उडतो.