शब्दचर्चा: 'कॉम्पोझिट ब्रीड'ला मराठीत काय म्हणायचं?

मांसासाठी पाळतात त्या गुरांवरचा मजकूर मराठीत आणतेय. त्यात 'क्रॉसब्रेड' आणि 'कॉम्पोझिट ब्रीड' दोन्ही येतात. दोन्हीला 'संकरित'च लिहिलं तर चालेल का?

> नाही हो, नका लिहू, सगळा घोटाळा होईल. संकरित म्हणजे दोन जातींचा संकर करून झालेलं जनावर, ते पुन्हा हवं असेल तर दोन्ही शुद्ध जातींचे कळप सांभाळत बसावं लागतं. कॉम्पोझिटमध्ये संकर आधी होतो, मग रक्ताचं प्रमाण ठरवून तो कळप आपसातच वाढवतात, म्हणजे ती स्वतंत्र जातच होते, कालवडी घरच्याच ठेवता येतात. ब्रँगस या संमिश्र जातीचंच बघा. अँगस आणि ब्रह्मन या गुरांच्या दोन जातींचा संकर केला की निम्मंनिम्मं रक्त, त्या गायीला परत अँगसचा वळू दिला की वासरात पाऊण अँगस, आणि हे पाऊणवालं त्या निम्म्यावाल्याशी जुळवलं की आठातले पाच हिस्से अँगस, तीन ब्रह्मन. इथून पुढे ब्रँगसला ब्रँगस. मी तरी 'संमिश्र जात' लिहीन.

>> 'मिश्र जात' का नको? सुटसुटीत आहे.

> कारण 'मिश्र' म्हटलं की कुणाचं काय मिसळलंय पत्ता नाही असं वाटतं, आणि इथे तर हिशोब पक्का असतो. बोन्समारा घ्या, दक्षिण आफ्रिकेत यान बोन्स्मा यांनी मारा संशोधन केंद्रात घडवली, नावही त्यावरूनच, त्यात सोळातले दहा हिस्से आफ्रिकानर आणि हेरफर्ड, शॉर्टहॉर्नचे तीन-तीन. उष्णता, गोचीड सोसणारी गाय हवी आणि मांसही भरपूर हवं, म्हणून हा सगळा खटाटोप.

>> आणि 'हेटेरोसिस'ला, म्हणजे संकरामुळे वासरात येणाऱ्या जादा जोमाला, संकरओज ना? ते संमिश्र जातीत टिकतं?

> हो, संकरओज बरोबर आहे. टिकतं, पण पूर्ण नाही. पहिल्या पिढीच्या संकरात १०० टक्के धरलं तर ब्रँगससारख्या ५/८-३/८ जातीत साधारण ४७ टक्के उरतं, चार जाती सारख्या प्रमाणात घेतल्या तर ७५. अर्थात सुरुवातीला वळू भरपूर हवेत, नाहीतर पुढे जवळच्या नात्यातली पैदास होऊन तेही जातं. म्हणून तुमच्या मजकुरात 'पहिल्या पिढीचा संकर' हेही वेगळं लिहा, नुसतं 'संकरित' लिहून हे आकडे कुणाला कळणार नाहीत.